न विचारलेली पन्हळ

अण्णा, काल तुमचं तेरावं झालं. तुमच्या बायकोने, वैनींनी, माझ्या पानात स्वतः वडा वाढला, 'घे शुभा, तू दोन दिवस काही खाल्ली नाहीस' म्हणाल्या, आणि मी तो खाल्ला. घास घशाखाली उतरला याचाच मला राग आला. राग माझ्या नाकावर असतो असं तुम्ही नेहमी म्हणायचात. आज तो तुमच्यावर आहे, माझ्यावर आहे, आणि कुणावर जास्त हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. माझ्या भावाच्या स्केट्सची जी चूक झाली, जी तुम्ही साऱ्या जगासमोर आपल्या अंगावर घेतलीत, ती तुमची नव्हती. माझी होती. नऊ महिने मी मूग गिळून बसले. दिवसातून चार वेळा तुमच्या दारावरून जात होते, तुमच्या घरची कॉफी पीत होते, आणि तुम्ही कुणाला 'चूक माझीच' म्हणालात की खाली बघत होते. आता सगळं क्रमाने सांगणार आहे. तुम्हाला ठाऊक असलं तरी ऐका, आणि मध्ये बोलू नका. मध्ये बोलायची खोड तुमची फार जुनी.

आम्ही साताऱ्याहून इकडे तमिळ मुलखात, वेस्ट मांबलमला आलो, तुमच्या डोक्यावरचं बिऱ्हाड घेतलं, आणि पहिल्याच दिवशी तुम्ही जिन्यात उभं राहून विचारलंत, "मराठी की? कुठून येणें झालें?" मला हसू आवरेना. मी म्हणाले, अहो, तुम्ही असं बोलता जसं काही जुनं पत्र वाचताय. तुम्हाला जराही वाईट वाटलं नाही. म्हणालात, "आमची मराठी पेटींत ठेवलेली आहे बाळ. तुमची रोज धुतलेली. धुतलेल्याचा रंग जातो." पिढ्यान् पिढ्या इकडे राहिलेल्या तुम्हा तंजावरच्या मराठी लोकांच्या नादी लागायचं नाही हे मी त्या दिवशी ठरवलं आणि लगेच लागले. तुमचं वर्कशॉप गिंडीला, माझी बँक गिंडीला. रोज सकाळी मांबलमहून दोन स्टेशनं बरोबर. त्या पंधरा मिनिटांत आपण जेवढं भांडलो तेवढं मी नवऱ्याशी संसारात भांडले नसेन.

तुमचं काम मला पहिल्यांदा समजलंच नाही. "धार लावतो," एवढंच सांगितलंत. मला वाटलं, कात्र्या-सुऱ्या. मग एका शनिवारी तुम्ही मला वर्कशॉपात नेलंत. कारखान्यांची कापायची हत्यारं तुमच्याकडे घासायला येत होती, लांबच्या ओरगडमहूनसुद्धा येत होती, आणि तुम्ही ग्राइंडरसमोर उभे होता, तासन् तास, एका केसाच्या जाडीसाठी. घासून झालेलं पातं तुम्ही उजेडात धरायचात आणि त्याच्याकडे बघताना तुमचा चेहरा देवघरातल्यासारखा व्हायचा. मी चेष्टा केली की तुम्ही म्हणायचात, "सपाट करणें सोपें नव्हे शुभा. जगांत सपाट कांहींच नसतें. करावें लागतें."

हे वाक्य पुढे आपल्याला नडलं.

विजू, माझा धाकटा भाऊ, फौजेत. लेहला पोस्टिंग झालं आणि तिथे हा साताऱ्याचा गडी बर्फावर स्केट घालून हॉकी खेळायला शिकला. थंडीत तळं गोठलं की दोन महिने मैदान, एरवी पाणी. यंदा आपल्या देशाचा संघ पहिल्यांदाच बाहेर स्पर्धेला जायचा होता, आणि गंमत म्हणजे जायचं होतं आखातात, वाळवंटात, छपराखालच्या बर्फावर. संघातली बहुतेक मुलं लडाखची, काही फौजी. विजूची निवड झाली. सरकारी कामासाठी तो पंधरा दिवस बंगळूरला आला होता, तिथून एका रविवारी आमच्याकडे आला, खांद्यावर हे एवढं मोठं गाठोडं. त्यात आठ जोड स्केट्स. लेहला धार लावायचं मशीन नव्हतं, मुलं दगडावर हाताने घासायची. मीच फोनवर फुशारकी मारली होती, आमचे अण्णा काहीही घासतात, घेऊन ये.

त्या रविवारी तुम्ही विजूला जेवू दिलं नाहीत. एकेक प्रश्न. स्टील कुठलं, कडक किती, बर्फ किती गार. त्याने मोबाइलवर फोटो दाखवला, गोठलेलं तळं, मागे उघडे डोंगर, आणि गोलकीपरच्या पायांना क्रिकेटचे पॅड बांधलेले. तुम्ही चष्मा वर करून किती वेळ बघत होता. "इतक्या थंडींत घाम येतो का?" विजू म्हणाला, येतो आणि गोठतो. तुम्ही खूश. साठी उलटलेला माणूस, बर्फ बघितलेला फक्त उसाच्या रसाच्या गाडीवर, आणि असे हरखलात की वैनींना कॉफी दोनदा तापवावी लागली.

संध्याकाळी तुम्ही खाली गेलात आणि आम्ही बहीण-भाऊ भांडलो. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. मी म्हणाले, पाय मोडून घेशील. वयाच्या तिशीत हे कसले खेळ. लग्नाचं बघ. आणि जाणार तिकडे ते हरायलाच ना? ज्यांच्याकडे बारा महिने बर्फ आहे त्यांच्यापुढे तुम्ही कोण? विजू एकदम म्हणाला, "ताई, तुला यातलं काही कळत नाही. कळत नाही तर बोलू नकोस." मला मिरच्या झोंबल्या. लहानपणी ज्याचं नाक मी पुसलं, तो मला सांगणार काय कळतं आणि काय नाही. तो रात्रीच्या गाडीने बंगळूरला गेला. मी ठरवलं, तो फोन करेपर्यंत आपण करायचा नाही.

बुधवारी गाडीत तुम्ही मला विचारलंत. नीट आठवतंय, सैदापेट स्टेशन गेलं होतं. म्हणालात, "शुभा, त्या पात्यांच्या मध्यें एक पन्हळ आहे. खालच्या अंगाला, लांबीभर. कांहींत खोल, कांहींत अगदीं उथळ. झीज म्हणावी तर मध्यें कसाला झिजेल? कडा झिजायला पाहिजेत. मुद्दाम केलेली म्हणावी तर सगळ्यांत सारखी पाहिजे. विजूला विचारून सांगतेस? तोंवर मी हात लावत नाहीं."

मी हो म्हणाले. गुरुवारी तुम्ही विचारलंत, मी म्हणाले लागला नाही. शुक्रवारी म्हणाले आज करते. शनिवारी तुम्ही वर आलात, दारातच उभे राहिलात, "विचारली की?" मी कणीक मळत होते. हात पिठात. डोक्यात विजूचं ते वाक्य. आणि मी म्हणाले, "हो, विचारलं. झीजच आहे म्हणाला. सपाट करा."

एवढंच. मी फोन केलाच नव्हता. मानापमानापायी एक फोन केला नाही, आणि केला नाही हे सांगायची लाज वाटली म्हणून त्याच्या नावावर खोटं रचलं. मला मनापासून वाटलं, धार म्हणजे धार, सुरी कशी असते, गुळगुळीत, तसंच असणार. कळत नव्हतंच मला. विजू बरोबर होता.

तुम्ही "झीज म्हणाला?" असं परत विचारलंत. मी पिठातून मान वर केली नाही. तुम्ही तमिळमध्ये "सरी" म्हणालात, म्हणजे बरं, आणि गेलात.

आठ जोड, सोळा पाती. पुढचा आख्खा आठवडा तुम्ही गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवलीत. लांबीतला होडीसारखा बाक तुम्ही जपलात, तो मुद्दाम केलेला आहे हे तुमच्या हातांना कळलं होतं. मधली पन्हळ मात्र घासून काढलीत. तुमच्या आयुष्यातलं सर्वांत सुंदर काम असेल ते. पाती आरशासारखी. त्यात आपलं तोंड दिसत होतं.

तो आठवडा संपला त्या रविवारी विजू आला. गाठोडं तुमच्याच घरात उघडलं. त्याने एक स्केट उचललं, उलटं केलं, पात्यावरून अंगठा फिरवला. दुसरं उचललं. तिसरं. मग खाली जमिनीवर बसला. ओरडला नाही, काही नाही. फक्त म्हणाला, "अण्णा, पन्हळ कुठे गेली?"

त्या पन्हळीमुळेच पात्याला दोन कडा होतात, त्या कडा बर्फ धरतात, वळताना पाय त्यांच्यावर टेकतो, हे त्याने मग सांगितलं. सपाट पात्यावर माणूस सरळ जातो आणि सरळच जात राहतो. तुमचा चेहरा मी पाहिला. आणि मी तुमच्या तोंडाकडे बघत उभी होते, की आता तुम्ही म्हणणार, अरे पण तूच शुभाला फोनवर सांगितलंस ना.  मी स्वयंपाकघरात गेले. पाणी आणते म्हणून गेले, आणि तिथेच थांबले.

बाहेर आले तेव्हा तुम्ही विजूसमोर हात जोडून उभे होता. "चूक माझी आहे. विचारायला पाहिजे होतें. मी आपल्या शहाणपणानें केलें."

आपल्या शहाणपणाने! मी पाण्याचा पेला विजूच्या हातात दिला आणि गप्प राहिले. अण्णा, त्या क्षणी बोलायला दोन शब्द पुरले असते.

विजूने बंगळूरहून तीन दिवस मागून घेतले. तुम्ही दोघे वर्कशॉपातच होता. दगडाच्या चाकाला हिऱ्याच्या कणीने गोलाई द्यायची आणि त्या गोलाईने पात्यात परत पन्हळ पाडायची, ही युक्ती तुमचीच. सात जोड वाचले. आठव्याची पाती आधीच झिजून पातळ झालेली, त्यात पन्हळीपुरतं पोलाद उरलं नाही. तो जोड होता नोर्बूचा. नोर्बू लेहचा, संघातला सर्वांत वेगवान पोरगा. विजूने काय करावं? त्याचा आणि नोर्बूचा पाय एका मापाचा. त्याने स्वतःचा जोड नोर्बूला दिला. नवा जोड त्या मापाचा इतक्या कमी दिवसांत देशात कुठे मिळाला नाही. विजू संघाबरोबर आखातात गेला, निळी जर्सी घालून गेला, आणि बाकावर बसून बाकीच्यांना काठ्या पुरवत राहिला. देशाच्या पहिल्या मॅचला माझा भाऊ साध्या बुटांत होता.

ते हरले. मोठ्या फरकाने हरले. विजूचा फोन तुमच्याकडे आला, माझ्याकडे नाही. तुम्ही जिना चढून सांगायला आलात, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मला वाटलं जिंकले. "नोर्बू वळला म्हणे. पूर्ण वेगांत वळला, पडला नाहीं." मी म्हणाले, अण्णा, हरलेत ते. "हरायलाही संघ लागतो शुभा. गेल्या वर्षीं आपण हरलोंसुद्धां नव्हतो."

या वाक्यावरून आपण पुढचे सगळे महिने भांडलो. माझं म्हणणं, जिथे मैदान दोन महिने टिकतं, जिथे बूट उसने, मशीन उसनं, तिथे हा हट्ट कशाला? आपल्या मातीत जे उगवतं ते करावं. तुम्ही म्हणायचात, मातीत उगवतं तेवढंच करायचं तर मी आज तुझ्याशी मराठी बोललो नसतो. माझ्या बापाला तमिळ जास्त सोपी होती, मला तमिळ जास्त सोपी आहे, माझ्या मुलाला तर मराठी हाक मारलेली कळते, एवढीच. तरी घरात बोलतो. कोणी बक्षीस देतं का? शेवटचं आपण बोललो तेव्हाही हेच चाललं होतं. मी म्हणाले, पण अण्णा, भाषा सवयीने राहते, खेळाला जिंकावं लागतं, नाहीतर पोरं दमतात. तुम्ही बोट वर केलंत, म्हणजे आता मोठं उत्तर येणार. तेवढ्यात गिंडी आलं आणि गर्दीने आपल्याला दोन दारांनी उतरवलं. तुमचं ते उत्तर काय होतं? मी दोन आठवडे डोकं खाजवतेय. माझ्या बाजूने तुम्हाला देण्यासारखं एक उत्तर मी तयारही केलंय, पण तुमचं ऐकल्याशिवाय माझं द्यायचं कसं?

पावसाळ्यात तुम्ही लेहसाठी ते हातयंत्र बनवलंत. लाकडी पेटीएवढं, पातं अडकवायचं, गोल दगड ओढायचा, पन्हळ सारखी पडते, वीज लागत नाही. सोबत मराठीत आणि इंग्रजीत हाताने लिहिलेली सूचना. पहिलीच ओळ होती, "आधीं विचारावें, मग घासावें."  मला वाटलं हा टोमणा आहे. मग वाटलं, छे, अण्णा स्वतःलाच बोलतायत. मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी पेटीला दोरी बांधायला मदत केली आणि पोस्टात टाकून आले.

तुम्ही गेलात तेव्हा विजूला फोन मी केला. आमचं बोलणं तोवर सुरळीत झालं होतं, त्याने कधीच सोडून दिलं होतं सगळं.  मग मला राहवलं नाही. म्हणाले, विजू, ती चूक अण्णांची नव्हती रे. त्यांनी मला तुला विचारायला सांगितलं होतं. मी फोन न करताच तुझं नाव सांगितलं.

तो म्हणाला, "ठाऊक आहे ताई."

मी म्हणाले, कसं?

"तू पाणी आणायला आत गेलीस ना, तेव्हा अण्णांनी हळूच विचारलं, शुभाचा फोन आला होता का तुला. मी म्हणालो, ताई तर दोन आठवडे माझ्याशी बोलत नाहीये. ते नुसते हं म्हणाले. मग हात जोडले. तू बाहेर आलीस तेव्हा तेच चाललं होतं. नंतर मला वर्कशॉपात शपथ घातली, ताईकडे हा विषय काढायचा नाही."

अण्णा, म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि विजूलाही. गुपित म्हणून मी जे उराशी धरून बसले होते ते माझ्याशिवाय कुणाचंच गुपित नव्हतं. तुम्ही माझ्या खोट्याला पाठीशी घातलंत आणि माझ्याशी रोज भांडत राहिलात, कॉफी पाजत राहिलात, माझ्या बाजूला बसून गिंडीला जात राहिलात. मला आधी तुमचा भयंकर राग आला. एकदा तरी कान उपटायचा होतात! 'काय ग, कसाला खोटं बोललीस' एवढं म्हणाला असतात तर मी रडून मोकळी झाले असते. मोठेपणा करून बसलात आणि मला आयुष्यभराचं ओझं देऊन गेलात, असं मी तुमच्या फोटोसमोर उभी राहून मनात बोलले. मग लाज वाटली. चूक माझी आणि कान उपटायचं कामही तुमच्याच माथी.

आज दुपारी मी खाली गेले. वैनी एकट्याच होत्या, आलेल्या लोकांच्या रिकाम्या पेल्यांची जुळवाजुळव करत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा मला चार शब्द ऐकवतील. त्यांनी पेले ठेवले, मला हाताला धरून बसवलं.

"मज ठाऊक आहे," म्हणाल्या. "मीच त्याच्याशीं भांडायची, शुभाला विचार म्हणून. तो ऐकला नाहीं. म्हणायचा, विचारली तर पोर घाबरून पुन्हां एक खोटें बोलेल. आपण होऊन येऊं दे. येईल ती."

 त्या पुढे म्हणाल्या, "डास येतात म्हणून सारा मांबलम संध्याकाळीं दारें लावतो. हा आपलें दार उघडें ठेवायचा, तू बँकेंतून येऊन वर जाईपर्यंत. रोज. म्हणायचा, आज सांगेल."

अण्णा, मला वाटायचं तुम्हाला वारा हवा असतो.